वेताची खुर्ची सोडून

पांढरा नव्हे

पांढरा रंग द्यायचा नाही. पांढरा दवाखान्यात देतात. द्यायचा तो सायीचा, किंवा सुकलेल्या वाळूचा, किंवा जुन्या दोरखंडाचा, आणि तिन्ही एकाच खोलीत द्यायचे. मग डोळ्याला कळत नाही आपण नेमकं काय बघतोय, आणि तो बघायचं सोडून देतो. डोळा थांबला की माणूस बसतो. बसला की घर आवडतं. आवडलं की विकलं जातं.

एवढंच तिचं शास्त्र.

लोक तिला सजावटवाली म्हणत. कुणाचं घर विकायला निघालं आणि गिऱ्हाईक फिरकेना, की दलाल तिला फोन करायचे. मग ती टेम्पो भरून सामान आणायची. तागाचे गालिचे, काथ्याच्या चटया, वेताच्या खुर्च्या, बांबूच्या टोपल्या, लाटांनी काठावर टाकलेली आणि उन्हाने राखाडी झालेली लाकडं. बघता बघता त्या घराचा समुद्रकिनारा व्हायचा. समुद्र तिथून गाडीने दिवसभराच्या वाटेवर होता. म्हणूनच तर. काठावरच्या माणसाला समुद्राचं काय कौतुक, त्याच्या खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजतात. समुद्र नसलेल्या गावातच समुद्र खपतो.

पण शिंपले नाहीत. नांगर नाही, होडीचं चित्र नाही, निळ्या रेघांची उशी तर मुळीच नाही. "समुद्र दाखवायचा नसतो," ती नव्या दलालांना सांगायची. "माणूस समुद्रावरून नुकता परत आलाय, पाय धुतलेत, आता काही करायचं नाहीये, एवढंच वाटलं पाहिजे."

आणि 'काही करायचं नाहीये' असं दुसऱ्याला वाटावं म्हणून ही मरमर मरायची. पडदे धुऊन, ओले असतानाच पिळे घालून, सुतळीने बांधून ठेवायचे, म्हणजे वाळल्यावर ते आपोआप चुरगळल्यासारखे दिसतात. इस्त्रीच्या दुप्पट कष्ट. पुस्तक उघडं, पालथं ठेवायचं. कुठलं ते महत्त्वाचं नाही, मुखपृष्ठ फिकं हवं. शेवटी प्रत्येक बसायच्या जागेवर स्वतः बूड टेकून बघायचं, डोळ्यांना काय टोचतंय ते हेरायचं आणि उठून ते काढायचं. टेकायचं नि उठायचं. सजवलेल्या घरात ती कधी घोटभर चहासुद्धा बसून प्यायली नव्हती.

पिवळा

या वेळचं घर तिच्या बापाचं होतं.

झालं असं, की बाबा एकदा फोनवर म्हणाले, "विकून टाक गं हे घर. मला इथे बसवत नाही." माणूस म्हणतो तसं म्हणाले. 'वीट आला', 'कुठेतरी निघून जावं' म्हणतो तसं. पण ही करणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी दलाल ठरला होता.

"आणि मी जाऊ कुठे?" बाबांनी विचारलं.

"माझ्याकडे. तुमची खोली तयार आहे."

खोली तयार नव्हती. खोली होती, पण तिच्यात समुद्र भरलेला होता. तिच्या दोन खोल्यांच्या घरात पुढच्या खोलीत ती झोपायची आणि मागची खोली जमिनीपासून छतापर्यंत सामानाने गच्च. दार उघडायचं तर खांद्याने रेटावं लागे आणि बंद करायचं तर आतल्या टोपल्यांशी मारामारी. एक वेताची खुर्ची कायम दुसऱ्या वेताच्या खुर्चीच्या डोक्यावर उलटी. बाहेर कुठेतरी जागा बघू, असं ती स्वतःला सांगत आली होती. बाबांनी ते घर पाहिलंच नव्हतं. आई होती तोवर त्यांना घर सोडून कुठे जायचं नव्हतं, आणि आई गेल्यावर त्यांना कुठेच थांबायचं नव्हतं.

हे खोटं ती मुद्दाम बोलली नाही. घाईत बोलली. तिचं बरंचसं खोटं घाईतलंच असायचं.

"खिडकी आहे ना त्या खोलीला?" बाबा म्हणाले.

"आहे की." हे बहुधा खरं होतं.

बाबा, एका दमात

उठायचे, म्हणजे उठायचे असं म्हणायचं, कारण आडवे कितपत झाले होते कोण जाणे, आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी ठेवायचे, ठेवल्या ठेवल्या गॅलरीत, गॅलरीतून खाली कोण गेलं ते पाहून दारात, दारात कान देऊन लिफ्ट कितव्या मजल्यावर अडखळली ते ऐकून "रोलर गेलाय, सांगितलंय यांना" असं भिंतीला सांगून परत स्वयंपाकघरात, पाणी उकळून अर्धं झालेलं, त्यात पुन्हा पाणी, चहा, कप हातात घेऊन उभ्याउभ्याच, जेवणही ओट्याशी उभ्यानेच, वर्तमानपत्र फ्रिजवर ठेवून उभ्याने, आणि मग पुन्हा गॅलरी, दार, लिफ्टचा आवाज, आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत वरखाली केलेला माणूस आता घरातल्या घरात आडव्या येरझारा घालत होता, खालचे शेजारी म्हणायचे तुमच्या बाबांना सांगा जरा बसायला, आणि ती म्हणायची सांगते, आणि सांगायची नाही, कारण सांगून बसला असता तो बाप कसला.

वाळूचा हात

रंगारी आले. बाहेरच्या खोलीतली एक भिंत आईने हट्टाने पिवळी करून घेतली होती. हळदीएवढी पिवळी. पाहुणे दारातच डोळे बारीक करायचे आणि आई म्हणायची, "सवय होते." त्या भिंतीवर वाळूचा पहिला हात बसला तेव्हा पिवळा खालून डोकावत राहिला. दुसऱ्या हातानंतरही कडेने दिसला.

"तिसरा द्या," सजावटवाली म्हणाली.

"ऐकायची नाही ती," बाबा तिच्या मागून म्हणाले. कुणाबद्दल म्हणाले ते तिने विचारलं नाही.

बाबांचा तपकिरी रेक्झिनचा सोफा, स्क्रूंचे डबे, भिंतीवरचं हिरवं घड्याळ, आईची नक्षीची कपबश्यांची उतरंड, सगळं गुंडाळून, खोक्यांत भरून नजरेआड गेलं. घरमालकाचं काही दिसता कामा नये, हा तिचा पहिला नियम. मालक दिसला की गिऱ्हाईक पाहुणा होतो, आणि पाहुणा घर विकत घेत नाही. मग टेम्पो आला. तिच्या मागच्या खोलीतला समुद्र जिन्यावरून इकडे चढला.

बाबा दारात उभे राहून प्रत्येक वस्तूची तपासणी करत होते.

"हे काय?"

"टोपली."

"रिकामी?"

"रिकामीच ठेवायची असते."

"आणि हे लाकूड? जळणाचं?"

"शोभेचं. समुद्रातून वाहून आलेलं आहे."

"बिचारं. एवढ्या लांब आलं आणि शेवटी कोपऱ्यात उभं." बाबा खोलीभर फिरले. "सगळं उकडल्यासारखं दिसतंय गं. रंग कुठे गेले, धुण्यात?"

"बाबा, हे शांत दिसतं. लोकांना आवडतं."

"लोकांना ना? मग ठीक आहे. मला वाटलं माझी काही चूक झाली."

ती हसली नाही. ती गालिच्याची कड सरळ करत होती, म्हणजे सरळ दिसणार नाही अशी सरळ. मान वर केली तेव्हा बाबा गालिच्यावर अनवाणी उभे होते. चप्पल कडेला. पायाचा अंगठा तागावर पुढे-मागे घासत होते, दारातल्या पायपुसण्यावर घासतात तसा, पण हळू.

"टोचतंय," ते म्हणाले. आणि तिथून हलले नाहीत. निदान लगेच नाही.

संध्याकाळी ती घरी गेली तर तिच्या मागच्या खोलीचं दार एका बोटाने उघडलं. आत काही नव्हतं. ती उंबऱ्यावरूनच म्हणाली, "अरे," आणि खोलीने ते 'अरे' परत दिलं. तिने दार ओढून घेतलं. रिकामी खोली तिला नेहमी काम वाटायची. हे काम सोडून काहीतरी वेगळंच वाटत होतं आणि त्याला थांबून बघायला तिला वेळ नव्हता.

खळगा

उशी ठेवायची पद्धत असते. दोन्ही कान धरून आपटायची, मग वरून मधोमध हाताच्या कडेने एक हलकी चापट. घाईत टाकल्यासारखी दिसते.

सकाळी ती आली तर खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीतली उशी बसलेली होती. मधे खळगा, आणि पाठीशी घामाचा एक फिकट डाग.

"कोण बसलं इथे?"

"कुठे?" बाबा ओट्याशी उभे, हातात कप.

"खुर्चीत."

"छे. मी कशाला बसू लोकांच्या खुर्चीत."

तिने उशी आपटली, चापट दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खळगा. तिने पुन्हा चापट दिली. त्याच्या पुढच्या दिवशी खळग्याबरोबर वर्तमानपत्रही होतं, खुर्चीच्या हाताखाली दडवलेलं, शब्दकोडं अर्धं सोडवलेलं. ती ते हातात घेऊन उभी राहिली. बाबांचं अक्षर फ्रिजवर उभ्याने लिहिलेलं असलं की सगळं खाली घसरत जायचं. हे सरळ होतं.

लिफ्ट अडखळली. आतून कुणी "रोलर" म्हणालं नाही. बाबा न्हाणीघरात गुणगुणत होते.

आपण आत्ता काय करतोय ते तिला कळलं, आणि कळता कळता तिने उशी आपटली. हात थांबत नव्हते. माणूस बसल्याची खूण पुसणं हेच तर तिचं काम. तीच खूण एवढे दिवस कुठे दिसत नाही म्हणून खालच्या शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली. आता दिसली तर आपणच पुसतोय. तिने उशीला बोटाने पुन्हा खळगा पाडून पाहिला. तो बोटाचाच दिसला.

तेवढ्यात दलालाचा फोन. उद्या सकाळी एक जोडपं घर बघायला येणार, खात्रीचं आहे, घाईत आहे.

"बाबा," तिने न्हाणीघराच्या दाराशी जाऊन सांगितलं, "उद्या गिऱ्हाईक येणार. तुम्ही दिसता कामा नये."

पाण्याचा आवाज थांबला.

हे वाक्य ती प्रत्येक मालकाला सांगायची. तोंडातलंच होतं. बाहेर पडल्यावर ते दाराला चिकटून राहिल्यासारखं वाटलं.

"कुठे जाऊ?" आतून आवाज.

"बागेत जा ना."

"बागेत जाऊन काय करू?"

"बसा."

"बसा म्हणे," बाबा आत म्हणाले आणि पुन्हा पाणी सोडलं.

गिऱ्हाईक

सकाळी जोडप्याला घेऊन दलाल लिफ्टमधून बाहेर आला तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी एक जण होता. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, केस पाण्याने बसवलेले. सजावटवालीने दार उघडलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"मॅडम, हे काका खाली भेटले," दलाल म्हणाला. "तेही घर बघायलाच आलेत. म्हटलं चला, एकदम होऊन जाऊ दे." त्याने बाबांना कधी पाहिलेलं नव्हतं, सगळा कारभार हिनेच केला होता. आणि जरा चढाओढ दिसली तर जोडपं लवकर हो म्हणेल, हा त्याचा हिशोब त्याच्या भुवयांवर लिहिलेला होता.

"नमस्कार बाई," बाबा तिला म्हणाले. "चालेल ना?"

नाही म्हणायचं तर सगळं उलगडून सांगावं लागलं असतं. "या," ती म्हणाली.

नवरा भिंती टकटक वाजवत निघाला. बायको कपाटं उघडत निघाली. बाबा पायपुसण्याजवळ बूट काढून आत आले आणि पाहुण्यासारखे इकडेतिकडे बघत पॅसेजमध्ये दलालाशेजारी उभे राहिले. सजावटवाली आत पडदे सारखे करत होती, पण तिचे कान पॅसेजमध्ये होते.

"मालक कोण आहेत?" बाबांनी विचारलं.

"आहेत एक म्हातारे. एकटेच असतात. चांगले आहेत, पण थोडे..."

"थोडे काय?"

"थोडे अस्थिर हो. पाय म्हणे एका जागी ठरत नाहीत. मुलगीच बघते सगळं."

"मुलगी कशी आहे?"

दलालाने आवाज खाली आणला. "कामाला वाघ. पण स्वतः बसत नाही आणि दुसऱ्याला बसू देत नाही."

"वडलांवर गेली असेल," बाबा म्हणाले.

मग ते बाहेरच्या खोलीत आले. वाळूच्या भिंतीसमोर हात मागे बांधून उभे राहिले.

"बाई, ही भिंत आधी कुठल्या रंगाची होती?"

"पिवळी."

"मग बदलली कशाला?"

"पिवळा सगळ्यांना चालत नाही."

"एकीला चालायचा, असं ऐकलं." ते पुढे सरकले. "मालक घर का विकतायत?"

"त्यांना..." तिने उशीचा कान पकडला. "त्यांना आता लहान जागा हवी आहे."

"ते असं म्हणाले?"

"त्यांची मुलगी म्हणाली."

"आणि मग ते राहणार कुठे?"

"मुलीकडे. खोली तयार आहे."

"तुम्ही बघितलीय ती खोली?"

कपाट उघडायला गेलेली बायको मधेच थांबून ऐकू लागली होती. हे प्रश्न आपल्याला का सुचले नाहीत, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. सजावटवालीला उत्तर द्यायचं होतं. उत्तरं तिच्याकडे नेहमी तयार असतात, टोपल्यांसारखी, एकात एक बसवलेली. एकही निघालं नाही.

"नाही," ती म्हणाली. "नीट नाही बघितली."

"हं," बाबा म्हणाले.

मग तिला एक सुचलं, तेच, जे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायची. "तुम्हाला घर कशासाठी हवंय?"

"बसायला," बाबा म्हणाले आणि खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसले.

वेत कुरकुरला. मग कुरकुरायचा थांबला. नवरा-बायको आतल्या खोल्या बघायला गेली, दलाल त्यांच्या मागे. पडद्यातून ऊन येत होतं आणि सगळ्या वाळूला, सगळ्या सायीला, बाबांच्या शर्टालाही एकच रंग आला होता. ती दुसऱ्या खुर्चीवरच्या चादरीची घडी मोडून परत घालत होती. घालून झाल्यावर वळली तर बाबांची मान कलली होती, तोंड किंचित उघडं, आणि एक हात खुर्चीच्या हातावरून खाली लोंबत होता. बोटं तागाला लागली होती.

झोपले होते.

दलाल परत आला आणि थबकला. "मॅडम, ते गिऱ्हाईक झोपलं."

"झोपू दे."

"अहो, बरं दिसतं का? हे लोक आहेत अजून. उठवतो."

"हात लावायचा नाही."

"पण कोण आहेत ते तुमचे?"

"मालक," ती म्हणाली. "अस्थिर आहेत ना जरा, ते."

दलालाचा चेहरा आईच्या पिवळ्या भिंतीसारखा झाला. तेवढ्यात बायको आतून आली, तिने बाबांना पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवून नवऱ्याला थांबवलं. नवऱ्याची टकटक बंद झाली. त्यानंतर त्या घरात सगळे कुजबुजत बोलले, चवड्यांवर चालले. नळाला दाब आहे का ते नवऱ्याने नळ करंगळीएवढाच सोडून बघितला.

"मला हेच हवंय," बायको सजावटवालीच्या कानाशी म्हणाली. "आमच्या घरी कुणी असं झोपू शकणार नाही. मी सांगू का, आम्हाला सगळं असंच हवं. गालिचे, पडदे, ही लाकडं, खुर्च्या. आम्ही नुसत्या बॅगा घेऊन येऊ."

"सामान विकायचं नसतं," सजावटवाली सवयीने म्हणाली. "ते माझं आहे. परत जातं."

परत जातं. कुठे जातं? टेम्पोत, जिन्यावरून, मागच्या खोलीत, जमिनीपासून छतापर्यंत. आणि त्याच टेम्पोत पुढे, ड्रायव्हरशेजारी, खिडकी आहे ना विचारणारे बाबा.

"विचार करते," ती म्हणाली. हे वाक्य तिने आयुष्यात फारसं वापरलं नव्हतं.

ओट्याशी

जोडपं गॅलरीत उभं राहून आपसात बोलत होतं. बाबा जागे झाले, आधी शर्ट नीट केला, मग आजूबाजूला पाहिलं आणि स्वयंपाकघरात आले. ती ओट्याशी उभी होती.

"डोळा लागला वाटतं," ते म्हणाले. "काय ठरलं?"

"बाबा, खोली तयार नाही."

"कुठली?"

"तुमची. माझ्याकडची. तिच्यात हे सगळं असतं." तिने बाहेरच्या खोलीकडे हात केला. "पाय ठेवायला जागा नसते. मी बोलून गेले. मग म्हटलं करू काहीतरी, आणि केलं नाही."

बाबांनी गॅस पेटवला. विझवला. पाणी ठेवायचं राहिलं होतं.

"म्हणजे हे सामान इथे आहे तोवर तिथे जागा आहे," ते म्हणाले.

"हो."

"आणि हे परत गेलं की मी नाही मावणार."

"हो."

"एकाच घरात दोन सवती नांदवायला निघाली होतीस." ते हसले नाहीत, पण आवाज हसण्याच्या बाजूचा होता. "आता काय आहे त्या खोलीत?"

"काही नाही."

"भिंतीचा रंग?"

ती राहायला आली त्याच दिवशी भिंतींना सामान लागलं होतं. "बघितला नाही," ती म्हणाली. "मागे होता."

"लोकांच्या घराला तीन-तीन हात देतेस." बाबांनी मान हलवली. मग ओट्याला टेकले आणि बराच वेळ टेकूनच राहिले. "खरं सांगू? मला हे घर विकायचं नव्हतं. म्हटलं असं फोनवर. तू लगेच रंगारी आणलेस. मग म्हटलं बघू, ही कुठवर जाते."

ती गॅलरीकडे निघालीच. "मग नको विकूया. आत्ता सांगते त्यांना. जाऊ दे सगळं. सामान राहू दे इथेच, तुम्ही बसा, मी—"

"थांब जरा. झाली सुरू." त्यांनी तिचं मनगट धरलं. "नव्हतं विकायचं. पण आज गिऱ्हाईक म्हणून आलो ना, तेव्हा पाहिलं. घर चांगलं आहे. कुणालाही आवडेल. मला ओळखत नाही ते आता." जरा थांबून म्हणाले, "त्याआधीही कुठे ओळखत होतं. तुझी आई ओळखायची मला. भिंतींचं काय."

गॅलरीतून कुजबूज येत होती.

"ते सामानासकट मागतायत," ती म्हणाली.

"मग दे."

"बाबा, तो माझा धंदा आहे. एवढी वर्षं एकेक करून जमवलंय. समुद्र विकला तर मी करू काय?"

"दुसरं काहीतरी भरशील. खोली रिकामी ठेवणारी तू थोडीच आहेस." त्यांनी मनगट सोडलं. "या वेळी आधी मला भर."

ओट्यावरचा कप उचलून नेमका दुसरीकडे ठेवायची तिला फार इच्छा झाली. हात तिने पदरात गुंडाळून घेतला.

बाबा बाहेर गेले आणि गॅलरीच्या दारात उभे राहिले. "मी मालक," ते जोडप्याला म्हणाले. बायको लाजली, नवरा खोकला. "घर तुमचं. सामानासकट. वेताची खुर्ची सोडून. ती खिडकीजवळची."

"अहो काका, तीच तर हवी होती," बायको म्हणाली. "तिच्यामुळेच तर सगळं जमून आलंय."

"मग घर राहू दे."

"एका खुर्चीसाठी?" नवरा म्हणाला.

"दुसरी आहे ना तशीच. तिच्यात बसून बघा. मी हिच्यात बसलोय."

दलाल कपाळाला हात लावून खाली बघत होता. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने दुसऱ्या खुर्चीकडे. ती गेली, बसली, मागे टेकली, पाय लांब केले. सजावटवालीला तिथून त्या बाईच्या डोळ्यांसमोर नेमकं काय येतंय ते दिसत होतं: लाकडाचा एक तुकडा तिरका झालेला. ती सरळ करायला गेली नाही.

"ही पण चालेल," बायको डोळे मिटून म्हणाली.

वर

पुढचं कागदाचं काम दलालाने केलं. खोकी आधीच तिच्या पुढच्या खोलीत गेली होती. शेवटच्या फेरीत बाबा, एक बॅग आणि खुर्ची.

तिच्या इमारतीची लिफ्ट जुन्या पद्धतीची, जाळीच्या दाराची, दोन माणसं आणि एक पिशवी एवढीच. बाबांनी दार ओढून रूळ पाहिला, बोट फिरवून बोटाचा वास घेतला. "तेल घालतात," ते समाधानाने म्हणाले. मग खुर्ची आडवी, उभी, तिरकी करून आत घातली. ती आत बरोबर बसली आणि मग दोघांना उभं राहायला जागा उरली नाही.

"खुर्ची एकटी पाठवू," ती म्हणाली. "आपण जिन्याने जाऊ. किंवा थांबा, मी वर जाते, तिथून बोलावते, तुम्ही खालून..."

बाबा आत शिरले आणि खुर्चीत बसले. मांडीवर बॅग घेतली. "आयुष्यभर लिफ्टच्या टपावर उभा राहिलो," ते म्हणाले. "कितवा?"

"चौथा."

जाळी लागली. लिफ्ट हलली.

ती जिना चढत पळाली. तिला आधी पोहोचायचं होतं. का, ते माहीत नव्हतं. कुलूप काढायचं होतं, खोलीचं दार उघडायचं होतं, भिंती बघायच्या होत्या, निदान रंग सांगता आला पाहिजे. पहिल्या मजल्यावर बाबांचे बूट जाळीतून वर जाताना दिसले. दुसऱ्यावर ती मागे पडली. चौथ्यावर पोहोचली तेव्हा तिला धाप लागली होती आणि लिफ्ट येऊन थांबलेली होती. बाबा खुर्चीतच.

तिने जाळी ओढली. "या."

"थांब," बाबा म्हणाले. "एकदा खाली जाऊन येतो."

"बाबा, अहो खुर्ची काढू द्या. लोकांना लिफ्ट हवी असते."

"लोकांची ने-आण करीन की. तू जा, खोलीची खिडकी उघड तोवर. तागाचा वास मारत असेल." आणि त्यांनी आतून जाळी लावून घेतली.

लिफ्ट खाली गेली. ती किल्ली हातात घेऊन जिन्याच्या कठड्यावरून वाकली. दोऱ्या एका लयीत सरकत होत्या. तळाशी कुणीतरी लिफ्टपाशी येऊन थबकलं असावं, कारण पिशव्या जमिनीवर टेकल्याचा आवाज आला आणि एक बाईचा आवाज काहीतरी विचारता विचारता थांबला.

"या, या," खालून बाबांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वर आला. "पिशव्या द्या इकडे मांडीवर. तुम्ही उभ्या मावाल. कितवा?"

बाई काहीतरी म्हणाली.

"मी? मी इथे राहायला आलोय. चौथ्यावर. मुलगी आहे माझी."

दोऱ्या पुन्हा हलल्या. ती कठड्यापासून सुटली, कुलपात किल्ली उलटी घातली, काढली, सुलटी घातली, आणि खिडकी कुठल्या भिंतीला आहे ते बघायला मागच्या खोलीकडे धावली.